वाचक विचारतात: टॉर्चवर चालणारी सोन्याची छोटी भट्टी

या वेळच्या पत्रांपैकी पहिल्या पत्राला मी सविस्तर उत्तर देणार आहे. त्यातली अडचण घरी धातुकाम शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी येते. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: ताई, मी वर्षभरापासून चांदीचे छोटे दागिने घरी करायला शिकतो आहे. आईची तुटलेली साखळी, एकच उरलेलं कानातलं आणि कापताना-घासताना पडलेला चुरा असं मिळून १८ कॅरेटचं साधारण २२ ग्रॅम सोनं जमलं आहे. त्याची एक लगड, म्हणजे छोटी कांडी, ओतायची होती. विटेवर मूस (धातू वितळवायचं छोटं भांडं) ठेवली आणि हातातल्या गॅसटॉर्चने तापवली. मूस लाल झाली, सोन्याचे तुकडे कडेने मऊ होऊन एकमेकांना चिकटले, पण त्यांचा गोळा काही होईना. दहा मिनिटांत गॅसचा डबा बर्फासारखा गार पडला आणि ज्योत बारीक झाली. मोठा टॉर्च घेऊ की छोटी भट्टी बांधू? बांधायची तर कशी?

उत्तर: भट्टी बांधा. टॉर्च आहे तोच राहू द्या. सोनं वितळवण्याइतकी उष्णता त्याच्यात आहे, ती मुशीपाशी थांबत नाही एवढीच अडचण आहे.

हिशेब करून पाहा. एक ग्रॅम शुद्ध सोनं गार असल्यापासून पूर्ण पातळ होईपर्यंत साधारण २०० ज्यूल उष्णता घेतं. तुमचं सोनं १८ कॅरेटचं, म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं आणि बाकीचं बहुधा तांबं-चांदी. वजनाला वजन धरलं तर तांब्याला सोन्याच्या तिपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून तुमच्या २२ ग्रॅमसाठी ६००० ज्यूल धरू. एवढ्या उष्णतेत चार छोटे चमचे पाणी जेमतेम उकळीला येतं! त्यासाठी पाव ग्रॅम गॅससुद्धा लागत नाही. तुम्ही दहा मिनिटांत त्याच्या कित्येक पट गॅस जाळलात आणि तो सगळा हवा तापवण्यात गेला.

त्यातून शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. वस्तू जसजशी तापते तसतशी ती उष्णता बाहेर फेकते, आणि हे फेकणं तापमानाच्या मानाने फार झपाट्याने वाढतं. ८०० अंशांवरची मूस जेवढी उष्णता उत्सर्जित करते, त्याच्या जवळजवळ अडीच पट ती १०६४ अंशांवर, म्हणजे शुद्ध सोन्याच्या वितळणबिंदूवर, गमावते. म्हणून लाल होईपर्यंत सगळं झटपट होतं आणि तिथून पुढे गाडं अडतं. तुमचं सोनं खरं तर ९०० अंशांच्या आसपासच पातळ व्हायला हवं होतं. तुम्ही अगदी दाराशी पोहोचला होता.

माझे वडील फुंकणीने काम करायचे. कोळशाच्या एका चांगल्या तुकड्याला ते चाकूने खळगा करत, त्यात धातू ठेवत आणि वरून दुसरा कोळसा अर्धवट झाकणासारखा कलता धरत. लहानपणी मला वाटायचं, सगळी जादू त्यांच्या फुंकरीत आहे. स्वतः बाकड्यावर बसायला लागल्यावर कळलं की तो खळगा आणि ते झाकण हीच त्यांची भट्टी होती. इजिप्तमध्ये सक्काऱ्याला मेरेरुकाची चार हजार वर्षांहून जुनी कबर आहे. तिच्या भिंतीवर मुशीभोवती बसून लांब नळ्यांनी फुंकणारे कारागीर कोरलेले आहेत. माणसाच्या फुंकरीवर सोनं वितळलं आहे. तुमच्या हातात तर गॅस आहे.

आता बांधणी. भट्टीची पांढरी, हलकी, सच्छिद्र वीट मिळते, तिला इन्सुलेशन वीट म्हणतात. नखाने ओरखडा उठेल इतकी ती मऊ असते. जड, पिवळसर भट्टीची वीट घेऊ नका. ती आग सोसते, पण स्वतःच भरपूर उष्णता पिऊन बसते आणि हातातल्या टॉर्चला तिचं पोट भरता भरता नाकी नऊ येतात. साधी बांधकामाची वीट आणि सिमेंट तर नकोच. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन त्यांच्या ढलप्या उडतात. हलक्या विटांमध्ये १२६० अंश सोसणारी २३ क्रमांकाची आणि त्याहून वरची २६ क्रमांकाची असे प्रकार आहेत. ज्योत थेट विटेवर आदळणार आहे, म्हणून २६ ची घ्या.

अशा तीन विटा पुरतात. सुमारे ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच जाड अशा दोन विटा लांब कडेवर उभ्या करून त्यांची रुंद तोंडं एकमेकांना भिडवा. दोन्ही विटांत समोरासमोर अर्धगोल खोबण कोरायची, वरच्या कडेपासून खाली साडेतीन इंचांपर्यंत. विटा जुळल्या की मध्ये ३ इंच व्यासाची उभी विहीर तयार होते आणि तिच्या तळाला इंचभर वीट शिल्लक राहते. जुना चमचा आणि लाकडाचा गज एवढ्या हत्यारांवर हे काम होतं. मात्र कोरताना उडणारी भुकटी छातीत जाऊ देऊ नका. वीट थोडी ओली करा, तोंडावर धुळीचा चांगला मास्क लावा आणि कोरणं झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. विटा पोलादी तारेने किंवा पट्टीने बाहेरून आवळा. तिसऱ्या विटेचं झाकण, त्याच्या मधोमध दीड इंचाचं भोक.

ज्योतीचं भोक कुठे आणि कसं पाडता यावर भट्टीचं अर्धं यश अवलंबून आहे. ते तळापासून थोडं वर, इंचभर व्यासाचं असावं आणि विहिरीच्या मध्याकडे न रोखता एका अंगाने आत शिरावं. मग ज्योत मुशीवर आदळत नाही. भिंतीला धरून गोल फिरत वर चढते आणि मूस सगळीकडून सारखी तापते. टॉर्चचं तोंड भोकात खुपसू नका, बाहेर भोकाच्या तोंडाशी ठेवा. हातातला टॉर्च मागच्या छिद्रांतून हवा ओढत असतो. तो आत कोंडला किंवा भट्टीतून परतलेला जळका वायू त्या छिद्रांपाशी आला, तर ज्योत गुदमरते आणि टॉर्चचं डोकं तापून धोका होतो. झाकणाचं भोक ज्योतीच्या भोकापेक्षा मोठं सांगितलं ते त्यासाठीच. ते लहान करून उष्णता आणखी साठवण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. ज्योत उलट बाहेर आली. ऑक्सिजनवर चालणारा टॉर्च मात्र या भट्टीला कधीच लावू नका. त्या ज्योतीपुढे ही वीटच वितळते.

मूस ग्रॅफाइट आणि मातीच्या मिश्रणाची घ्या, सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाची. निव्वळ ग्रॅफाइटची मूस उघड्या ज्योतीत हळूहळू जळून पातळ होते. मुशीखाली विटेचा चपटा तुकडा ठेवा, म्हणजे तिचा तळ ज्योतीच्या रेषेत येईल आणि टाकणखार (बोरॅक्स, धातूचा मळ शोषणारा क्षार) ओघळला तर भट्टीचा तळ खाणार नाही. तुकडा बदलता येतो. खोबण कोरण्याआधी तुमचा चिमटा मुशीसकट त्या विहिरीत उघडतो का, हे मोजून घ्या. कितीतरी जणांची भट्टी उत्तम पेटते आणि मूस मात्र बाहेर काढता येत नाही. नवी मूस आधी रिकामीच हळूहळू लालपर्यंत तापवा, चिमूटभर टाकणखार टाकून आतून फिरवा. काचेसारखा थर चढला की ती तयार झाली. चांदीसाठी वापरलेली मूस सोन्याला नको.

सोन्याकडे वळू. साखळीच्या फाशात पोलादाची बारीक स्प्रिंग असते, ती हाताने काढून टाका. चुऱ्यावरून लोहचुंबक तीन-चारदा फिरवा. कानशीचे आणि करवतीचे कण निघतील. मग चुरा थोड्या टाकणखारासह पातळ कागदात पुडी बांधून तयार ठेवा, नाहीतर मुशीत टाकताना ज्योतीच्या झोताने तो उडून जाईल. रिकाम्या मुशीसह भट्टी पाच मिनिटं तापू द्या, आतल्या भिंती नारिंगी दिसू लागल्या की सोनं टाका. माझ्या भट्टीत एवढं सोनं त्यानंतर सात-आठ मिनिटांत पातळ होतं. आधी तुकडे खचतात, मग त्यांचा सुरकुतलेला गोळा होतो आणि तो बराच वेळ तसाच राहतो. इथे घाई करून ओतू नका. एका क्षणी वरचा पडदा फाटल्यासारखा सरकतो आणि आरसा उघडतो. मूस किंचित हलवली की तो आरसा पाऱ्यासारखा डुलतो. आणखी चिमूटभर टाकणखार, ग्रॅफाइटच्या कांडीने एकदा ढवळणं, अर्धा मिनिट थांबणं आणि मग एकाच धारेत, न थांबता ओतणं. हे सगळं रंगीत काचेच्या चष्म्यातून पाहा; गॅस वेल्डिंगचा ३ ते ५ शेडचा चालतो. डोळे तर वाचतातच, शिवाय झगमगाट कमी झाल्यावर तो आरसा नीट दिसतो.

साचा तापवलेला हवा, ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते. शिकत असताना फडताळातला लोखंडी साचा मी तसाच घेतला होता. हाताला कोरडा लागला. वरच्या दमटपणाचा पातळसा थर एवढाच असेल, पण चांदी आत पडताच तडतडून वर उडाली. डाव्या मनगटावरचा वाटाण्याएवढा डाग अजून आहे. तेव्हापासून साचा भट्टीच्या कडेला ठेवून हात लावता येणार नाही इतका तापवते, आतून मेणबत्तीची काजळी धरते आणि मगच टॉर्च मुशीकडे वळवते. चिमट्याची टोकं, ढवळायची कांडी, सगळं असंच कोरडं आणि कोमट. खाली कोरड्या वाळूचं रुंद ताट ठेवा. मूस निसटली तर सोनं वाळूत सापडेल आणि पाय वाचतील. सुती कपडे आणि चामडी बूट घाला.

गॅसचा डबा गार पडतो, कारण आतल्या द्रवाची वाफ होताना ती डब्याचीच उष्णता घेते. मग दाब उतरतो. त्याला शेक देऊ नका. भट्टी बांधल्यावर काम त्याआधीच संपेल.

आणि हो, पहिल्याच दिवशी आईचं सोनं भट्टीत घालू नका. आधी गार मुशीत लहानसे खडे घेऊन उचलणं-ओतणं दहा वेळा करा. मग २० ग्रॅम चांदी दोन-तीनदा ओता. चांदी ९६२ अंशांवर वितळते, म्हणजे तुमच्या सोन्याच्या थोडं वर. ती जमली की हेही जमेल. पितळेवर सराव करू नका. त्यातलं जस्त ९०७ अंशांवर उकळतं आणि त्याचा पांढरा धूर ताप आणतो.

प्रश्न: माझ्या कामाच्या खोलीला मोठी खिडकी आहे. अशी छोटी भट्टी आत चालवली तर चालेल ना?

उत्तर: नाही. अंगणात, गच्चीवर किंवा उघड्या पडवीत चालवा. कोंडलेल्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि खिडकीतून बाहेर पडत नाही. पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती जुन्या दागिन्यांच्या डाखाची, म्हणजे जोड सांधणाऱ्या धातूची. पूर्वीच्या डाखात कॅडमियम घातलेलं असू शकतं. ते ७६७ अंशांवरच उकळतं, म्हणजे सोनं मऊ व्हायच्याही आधी. त्याचा धूर छातीत गेला तर त्या वेळी फारसं काही जाणवत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहू नका, नाहीतर धूर तुमच्यासमोरच घोटाळतो. वारा एका कुशीवर घ्या. आणि पारा लावून गोळा केलेलं सोनं कुणी तुमच्याकडे वितळवायला आणलं, तर ते कुठल्याही भट्टीत, कितीही मोकळ्या जागी, घालू नका.

प्रश्न: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू मिसळून बादलीत भट्टी ओतली. ॲल्युमिनियम दोनदा छान वितळलं. सोन्यासाठी जोरात पेटवली तर आतून भेगा पडल्या आणि नाकाला झोंबणारा वास आला. दुरुस्त कशी करू?

उत्तर: दुरुस्त करू नका, मोडून टाका. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, म्हणून तोवर तिने निभावलं. घट्ट झालेलं प्लास्टर आपल्या कणांत पाणी बांधून ठेवतं. ते तापल्यावर निघून जातं आणि प्लास्टर आकसतं. वाळूचं उलट आहे, ५७३ अंशांजवळ तिचे कण एकदम फुगतात. एक आकसतो, दुसरा फुगतो, मग भेगा पडणारच. त्याहून वरच्या तापमानाला, विशेषतः ज्योतीत न जळलेला कार्बन असेल तर, प्लास्टरच फुटून गंधकाचा वायू सोडतं. तो वास त्याचाच. मोडताना मास्क लावा. बादली चांगली असेल तर तिच्यात वरच्या उत्तरातल्या हलक्या विटा बसवता येतील.

प्रश्न: विटेऐवजी सिरॅमिक लोकर वापरली तर भट्टी आणखी लवकर तापते असं ऐकलं. खरं का?

उत्तर: खरं आहे. पण ती उघडी ठेवू नका. तिचे तंतू इतके बारीक असतात की श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जातात, आणि बराच काळ हजार अंशांच्या वर तापलेल्या लोकरीत स्फटिकरूप सिलिका तयार होते, ती जास्त घातक. आतून उष्णतासह लेपाचे दोन-तीन पातळ हात देऊन, प्रत्येक हात पूर्ण वाळवून, तंतू बंद करा. लेपाला भेग गेली की भट्टी थांबवा आणि लेप द्या. एक-दोन लगडींसाठी मी विटाच पसंत करते.

प्रश्न: लगड दिसायला सुंदर आली, पण रोलरमधून (पत्रा लाटायच्या यंत्रातून) काढताना दुसऱ्याच फेरीत मधोमध तडकली. सोनं पुन्हा वितळवलं, पुन्हा तेच. टॉर्च कमी पडतो का?

उत्तर: टॉर्च कमी पडला असता तर लगडीला घड्या आणि खड्डे दिसले असते. दोनदा वितळवूनही मधोमध तडकते, म्हणजे धातूत काहीतरी मिसळलं आहे. माझा पहिला संशय शिशावर किंवा कथलावर. कुणीतरी कधीतरी दागिना साध्या, मऊ डाखाने जोडला असेल. सोन्यात शिशाचा अगदी लहान अंश गेला तरी ते कणांच्या सांध्यांत बसतं आणि सोनं बिस्किटासारखं तुटतं. तुटलेली कड भिंगातून पाहा. साखरेसारखी दाणेदार दिसली तर हेच कारण. हे घरच्या भट्टीत निस्तरण्यासारखं नाही, शुद्ध करून देणाऱ्याकडे द्या. पुढच्या वेळी वितळवण्याआधी प्रत्येक जोड भिंगाखाली धरा आणि करड्या रंगाचा डाख दिसला तर तेवढा भाग कापून बाजूला काढा. एक शक्यता मात्र आधी तपासून घ्या: ओतल्यावर आणि पहिल्या फेरीनंतर लगड मंद लाल तापवून नरम केली होती का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. केली नसेल तर एकदा करून पाहा, कदाचित एवढ्यानेच भागेल.

प्रश्न: १४.२ ग्रॅम सोनं टाकलं, लगड १३.७ भरली. अर्धा ग्रॅम सोनं उडून गेलं का?

उत्तर: सोनं उडत नाही. त्याचा उत्कलनबिंदू २८०० अंशांच्या वर आहे, तुमची ज्योत तिथे जवळपासही पोहोचत नाही. घट कशाकशाची असते ते पाहा: खाचांतला मळ, घासताना राहिलेलं मेण, डाखातलं जस्त, टाकणखारात विरघळलेला तांब्याचा गंज. चुरा असेल तर त्यातली कागदाची आणि लाकडाची भुकटीही आधी वजनात धरलेली असते. पण अर्धा ग्रॅम म्हणजे थोडी जास्तच आहे, तेव्हा मूस टाकून देऊ नका. आतल्या काचेच्या थरावर भिंग धरा. राईहून बारीक पिवळे मणी अडकलेले दिसतील. मूस पुन्हा तापवा, थोडा ताजा टाकणखार टाका आणि ती कलती करून हळूहळू फिरवा. मणी घरंगळत एकत्र येतात, त्यांचा एक मोठा मणी होतो, तो गार झाल्यावर चिमट्याने निघतो. उरलेला थर खलात कुटून पाण्यात धुतला की जड सोनं तळाशी राहतं. एका जुन्या मुशीतून मी असा पाव ग्रॅमचा मणी काढला होता.